पाचव्या ओळीचा पुरावा

गुरुजी, तुमच्या शाळेची भिंत मी रंगवून राहिलो आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमची ती ओळींची वही घरून काकूंनी आता शाळेत आणून दिली, आणि तिच्यातल्या पाच ओळी तुमच्या आठवणीत भिंतीवर लिहायच्या असं नव्या मॅडमनी ठरवलं. पाट्या रंगवणारा, त्यात तुमचाच विद्यार्थी, म्हणून मला बोलावणं आलं. चार ओळी झाल्या. पाचवीची जागा चार दिवसांपासून पांढरी आहे. मॅडम गोंदिया शहरातल्या, रोज टोमणा मारतात, "क्यों भैया, ब्रश सूख गया क्या? झेंडावंदनाच्या आधी होणार की नाही?" मी म्हणतो, होणार.

त्या ओळी ज्या पुस्तकातल्या, त्याला पुठ्ठा नव्हता. पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे लेखकाचं नाव तुम्हालाही ठाऊक नव्हतं. परक्या मुलखातला कोणी, आधी जहाजावर राबलेला, मग कादंबऱ्या लिहायला बसलेला, एवढंच मागच्या पानावरून कळायचं. आम्ही त्याला समुद्रवाला म्हणायचो. सोमवारी तुम्ही त्याची एक ओळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि आमच्याकडे वळायचे. "लेखक मोठा असन, पण त्यानं आपलं गाव कुठी पाह्यलं? जा, खरं आहे का पाहून या." पुरावा आणला की ओळ वहीत, आणि पुढे आणणाऱ्याचं नाव. नाही आणला तर ती खडूतच राहायची. ज्याला काम येतं तो जहाजावर कमी ओरडतो, ही ओळ घेऊन आम्ही चौघं तलावावर गेलो. ढिवर जाळं ओढून राहिले आहेत. म्हातारा एक शब्द बोलत नाही, त्याचा जावई मात्र पाळीवर, बांधावर बसून सगळ्यांना हुकूम सोडतो आहे. म्हाताऱ्यानं आम्हाला हटकलं, "काऊन रे पोट्टेहो, शाळा नाही का?" आम्ही म्हटलं, शाळेचंच काम आहे. "मंग या जावयाले घेऊन जा शाळेत," तो म्हणाला. तिघं पळत पुरावा सांगायला गेले. मी तिथंच मासे भाजून खात बसलो, म्हणून वहीत तिघांचीच नावं आहेत.

पाचवी ओळ मात्र वर्षभर कोपऱ्यातच राहिली. काठ दिसेनासा झाला की माणूस कसा आहे ते त्याचं त्यालाच कळतं, अशी ती ओळ. आमच्या तलावात कुठंही जा, पाळ दिसते, पाळीवरच्या म्हशीही दिसतात. तुम्ही फळा पुसताना तेवढा कोपरा सोडून पुसायचे. पुढे दहावीत गणितानं मला पाडलं आणि मी शाळा सोडली. तुमच्या पडवीत निरोप घ्यायला आलो तेव्हा तुम्ही सुपारी कातरत होता. वाटलं, आता झोडपणार. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुयाच्यानं एका जागी बसणं होत नाही. मंग फिर. पण फिरणं फुकट नको घालवू. समुद्रात काठ दिसन नाही इतका आत जा, अन् मले येऊन सांग." ही बोलणी होती की बक्षीस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुरीच्या समुद्राकडे निघालो खरा. डोंगरगडला जत्रा दिसली म्हणून उतरलो. तिथं ट्रकवर मोर काढणारा एक जण भेटला, त्याच्यामागं रायपूरला गेलो, आणि मोरांतच वर्ष गेलं. मग तुमचा फोन आला. दवाखान्यातून घरी आणलं होतं तुम्हाला. आवाज बारीक.

"समुद्र पाह्यला का रे?"

"हो गुरुजी."

"काठ?"

"दिसत नव्हता."

"मंग? खरं आहे?"

"खरं आहे."

तुम्ही म्हणालात, "शाबास." पुरीची गाडी रोज त्याच रायपूरवरून जायची, गुरुजी. एका रात्रीचा प्रवास. मी गेलो नव्हतो, एवढंच. आजारी माणसाला बरं वाटेल, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आठवड्यानं तुम्ही गेलात. आता वही उघडली तर शेवटच्या पानावर, वाकड्या झालेल्या अक्षरात, पाचवी ओळ आणि तिच्यापुढे माझं नाव.

काल मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, "गुरुजी से झूठ बोले तुम?" मग म्हणाल्या, "बरं, नुसती ओळ लिही. नाव नको. पोरांना काय कळतं?" मी म्हटलं, या शाळेतलं एखादं पोरगं पुरावा कोणाचा म्हणून विचारणारच, मग काय सांगायचं? आधी समुद्र पाहून येतो, मग लिहितो. "झेंड्याच्या आधी परत ये," त्या एवढंच बोलल्या.

उद्या पुरीला चाललो. डोंगरगडला जत्रा असो की आणखी काही, उतरणार नाही. मासेमारीच्या नावेवर जाळं ओढीन, उलट्या झाल्या तरी चालतील, पण काठ दिसेनासा होईस्तोवर मागं पाहत राहीन. ओळ खोटी निघाली तर भिंतीवर तसं लिहीन आणि वहीतलं माझं नाव माझ्या हातानं खोडीन. तुम्हाला लिहिलेला हा कागद काकूंना वाचायला द्यावा असं मनात आलं होतं, पण त्या तुमच्या उशाशीच बसलेल्या असतील त्या फोनच्या वेळी, तुमचं शाबास त्यांनीही ऐकलं असेल. नाही देत. घडी करून माझ्याच पिशवीत ठेवतो.

आज स्टेशनवर तिकीट काढताना खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "वापसी का भी?" आजवर मी परतीचं तिकीट कधी काढलं नव्हतं. या वेळी काढलं. पण खरं सांगतो गुरुजी, हो म्हणायला मला वेळ लागला. रांगेतला मागचा माणूस खेकसला, तेव्हा म्हणालो.