किती गुंठे जमीन तापवणार

हिल्सबरो, ऑकलंड

ती. बाबांस,
देवयानीचा वाकून नमस्कार. आम्ही मजेत आहोत. थंडी आहे, पण सवय झाली आहे.

फोनवर मी "जमीन तापवून घेतोय" म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, "किती गुंठे?" अहो बाबा, घरातली जमीन. लाद्यांखाली विजेच्या वायरची जाळी अंथरतात, तिने पाय गरम राहतात. आमचं घर जुनं, लाकडी. खालून वारा येतो, म्हणून आधी फळ्यांखाली इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारा थर, भरायचं. समोरच्या नव्या घरात म्हणे काँक्रीटमध्येच गरम पाण्याच्या नळ्या आहेत. मला निम्मं कळलं, तुमच्या जावयांना निम्मं. दोघांचं निम्मं एकच निघालं.

कारागिराने मागच्या खोलीचा नकाशा मागितलाय. जिथे कपाट कायमचं बसणार, तिथे जाळी घालत नाहीत. मी पेन्सिलीने खिडकीपाशी कपाट काढलं. मग आठवलं, तुम्ही जेवायला मांडी घालून खालीच बसता, तेही उजेडात. कपाट खोडलं. जावई म्हणाले, "पण बाबा येतो म्हणालेत का?" परत काढलं, परत खोडलं. कागदाला भोक पडलंय.

गुडघा कसा आहे? आई गेल्यावर लावलेला डबा वेळेवर येतो का? फोनवर विचारलं की तुम्ही हवापाण्यावर जाता, म्हणून हे पत्र.

जाळी एकदा घातली की हलवता येत नाही. महिनाअखेरीला तो माणूस येईल. खिडकीपाशी कपाट बसवू की तुमचं पान मांडू, तेवढं कळवा.

तुमची,
देवयानी