भाविकाचं खातं

९ जानेवारी

भाविकाच्या नावाने आज कोणीतरी मेल पाठवले! सर्व्हरच्या नोंदीत, लॉगमध्ये, स्वच्छ दिसलं — चार मिनिटांत सात वेगळ्या फोनवरून तिच्या खात्यात शिरले. तिला जाऊन आज बेचाळीस दिवस.

आमच्या आरोग्य संस्थेचा मेल सर्व्हर तीच सांभाळायची. मी तिचा नवरा, पण ऑफिसात नुसता क्लार्क. तरी संस्थेच्या उदेसिंग सरांनी तिचं काम माझ्याकडेच दिलं. रिकामा बसलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे. उपकार आहेत त्यांचे.

गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, असा नियम तिनेच वहीत लिहून ठेवलाय. माझा हात धजावला नाही.

१० जानेवारी

सर म्हणाले, "हेमकांत, पासवर्ड फुटलाय. इथून कचरा मेल जायला लागले तर बाहेरचे सर्व्हर आपले सगळेच मेल नाकारतील. सिकलसेलच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट डोंगरात पोहोचणार नाहीत." मग हळूच — "मी करू का?"

नको म्हटलं. मीच बंद केलं.

घरी सासूबाई काही विचारत नाहीत. भाविका गेल्यापासून आमच्याकडेच आहेत. ताट वाढतात, माझं जेवण होईपर्यंत समोर बसतात. तेवढंही खूप आहे.

१३ जानेवारी

मोलगीचा आरोग्यसेवक जान्या जीपने इथे अक्कलकुव्याच्या ऑफिसात आला. दारातूनच — "भाऊ, ताईचं खातं तू बंद केलं? आम्ही सातही आरोग्यसेवक त्याच्यातूनच पाठवतो, रिपोर्ट पण त्याच्यातच येतो!"

वरच्या पाड्यांवर रेंज नाही. बाजाराच्या दिवशी सगळे मोलगीला उतरतात आणि एकदमच मेल पाठवतात. वेगवेगळे पासवर्ड कोण सांभाळणार, म्हणून भाविकाने आपलाच देऊन टाकला होता. मला कधी बोलली नाही! नियम करणारी तीच, मोडणारी तीच.

आणि वरच्या पाड्यावरच्या करमसिंगच्या सुनेचा, आशाचा रिपोर्ट! नववा महिना, अंगात रक्त नाही. लॅबचा मेल बंद खात्यावरून परत गेलेला.

जान्या म्हणाला, "उत्तर आलं नाय, म्हणून तिला जीपमध्येच घालून आणली. दवाखान्यात हाय. तू चोर पकडायला निघाला न् आम्हीच सापडलो!"

त्याचे हात धरले. खातं लगेच उघडलं.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारच्या रंजनाबाई तिळगूळ ठेवून गेल्या. बरं वाटलं.

१५ जानेवारी

आशाला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. बरी आहे.

सातही जणांना बोलावून सात खाती करून दिली. त्यांच्यातल्या कमलीबाईंनी पासवर्डला बकरीचं नाव दिलं आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलंही! पुन्हा बदलला. खूप दिवसांनी हसलो.

भाविकाचं खातं आता कोणाला लागणार नाही. उद्या कायमचं बंद.

१६ जानेवारी

सातही जण आपापल्या खात्यात. तरी सकाळी सहाला तिच्या खात्यात कोणीतरी शिरलं होतं. इंटरनेटचा पत्ता तपासला — आमच्याच घरचा.

स्वयंपाकघरात डब्यांमागे तिचा फोन, चार्जिंगला लावलेला; चालू असला की आपोआप तिच्या खात्यात शिरणारा. सासूबाई म्हणाल्या, "मीच लावस रोज. तिना फोन बंद पडाले नको."

खातं बंद केलं नाही. चार्जरची पिन सैल होती, नीट बसवून दिली.