तुम्ही रंगवलेला बर्फाचा डोंगर

बाबा, गेल्या महिन्यात मोहन्याला परदेशातली एक टीम शूटिंगला आली होती. त्यांची गोष्ट तिसऱ्याच देशातली आहे. तिथे सध्या कॅमेरा घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून त्या देशाच्या जागी आपलं मोहने. सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. दुपारी चहाच्या टपरीवरच्या बाईंनी मला विचारलं, "ताई, यांच्याकडे रस्ते नाहीत का? एवढ्या लांब कशाला आले?" हाच प्रश्न तुम्ही मला कोपरीच्या घरात विचारला होतात.

आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय. तुम्ही मोरीपाशी बसून रॉकेलमध्ये ब्रश साफ करताय, तो वास पूर्ण स्वयंपाकघरात. मला नोकरीला लागून वर्षही झालेलं नाही आणि मालिकेच्या शूटिंगसाठी मी ऑस्ट्रियाला निघालेय. तुम्ही मान वर न करता विचारता, "आपल्याकडे डोंगर नाहीत का गं? जायचं कशाला?" मी ऑफिसात ऐकलेलं सगळं धडाधड सांगते. तिथे उन्हाळ्यात रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, म्हणजे एका दिवसात दीड दिवसाचं काम होतं. एका ऑफिसात अर्ज दिला की शूटिंगला रस्ता मिळतो, इथल्यासारखं पोलीस, पालिका, वनखातं करत बसावं लागत नाही. आपल्या हिरोला तिथे कोणी ओळखत नाही. टेंभी नाक्यावर एक शॉट घ्यायचा तर गर्दी हटवण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय तिथलं सरकार खर्चातला काही भाग परत देतं, कारण मालिका बघून आपले लोक तिथे फिरायला जातात. वीस वर्षं स्टुडिओत नटांच्या मागचे देखाव्याचे पडदे रंगवणाऱ्या माणसाला मी हे सांगतेय, या सगळ्यामुळेच त्याचं काम कमी होत चाललंय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुमच्या मात्र आलं असणार. तरी तुम्ही म्हणालात, "एक राहिलं तुझं. घरापासून लांब गेलं की माणसाचा चेहरा सैल होतो. नटांचाही होत असेल. ते इथे नाही मिळणार. जाऊन ये." आजवर इतक्या निर्मात्यांच्या मीटिंगा केल्या, पण परदेशात जाण्याचं याहून चांगलं कारण मला कोणी सांगितलेलं नाही.

तिथे गावातलं शूटिंग छान झालं. डोंगरावर मात्र चार दिवस धुकं बसलं ते उठलंच नाही. नवरा-बायकोचं मुख्य भांडण बर्फाच्या शिखरासमोर व्हायचं होतं, ते न करताच आम्ही परतलो. पुन्हा जाणं शक्य नव्हतं. मग दिग्दर्शक म्हणाला, घोडबंदरच्या स्टुडिओत एक जुने पेंटर आहेत, त्यांच्याकडून पडदा करून घेऊ. ते पेंटर म्हणजे तुम्ही. पडदा आठवड्याभरात हवा होता.

त्या संध्याकाळी तुम्ही मला समोर बसवलंत. "बर्फावर सावली कुठल्या रंगाची पडते?"

"काळपट. सावली ती सावली."

"नीट आठव."

मला आठवेना. तुम्ही रागावलात, तुमच्या पद्धतीने, आवाज न चढवता. "एवढी लांब जाऊन आलीस आणि सावली बघितली नाहीस? मग काय बघितलंस?" मी खाली मान घालून मोबाईलमधले फोटो उघडले. गावातून दूरवर दिसणाऱ्या शिखराचे दोन सापडले. सावल्या निळ्या होत्या, कडेला किंचित जांभळ्या. तुम्ही चष्मा वर करून ते फोटो किती तरी वेळ बघत राहिलात. कधी पासपोर्टही न काढलेला माणूस, पण माझ्यापेक्षा तुम्हीच तिथे जास्त वेळ होतात. तेव्हापासून कुठल्याही देशात उतरले की मी आधी सावल्या बघते.

सहा दिवसांत तुम्ही चाळीस फुटी पडदा उभा केलात. शिडीवरून चढ-उतार करून गुडघे सुजलेले, आई रोज शेकून द्यायची. शूटिंगच्या दिवशी कॅमेरामनने लाइट लावले, लेन्समधून पाहिलं आणि कॅमेऱ्यापासून उठून चालत पडद्याजवळ गेला. हात लावून बघितला. "कोणी केलंय हे?" त्याने मला विचारलं.

हा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की माझे वडील बँकेत आहेत. आसपास सगळी नावाजलेल्या कॉलेजातून आलेली मुलं. तुम्ही माझ्यामागे, हातात बादली घेऊन उभे होतात. मी म्हणाले, "हे इथले एक काका आहेत." कॅमेरामन वळला, त्याने तुमचा हात हातात घेतला. तुम्ही हसून त्याला नमस्कार केलात आणि मला म्हणालात, "मॅडम, उजव्या कोपऱ्यातला लाइट जरा कमी करायला सांगा, तिथे सावली मरतेय." तुमचं बरोबर होतं. लाइट कमी केला.

मालिकेचा तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा शेजारचे सगळे आपल्याकडे जमले होते. शेवटी नावं सरकू लागली. ऑस्ट्रियातलं गाव, हॉटेल, तिथला बसचा ड्रायव्हरसुद्धा. तुमचं नाव नव्हतं. तुम्ही टीव्ही बंद केलात आणि शेजाऱ्यांना म्हणालात, "पोरगी केवढं बघून आली बघा." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

ती नावांची यादी मी टाइप केली होती, बाबा. तुमचं नाव मी लिहिलं होतं, आणि खाली माझं नाव आल्यावर दोन्हीकडे एकच आडनाव दिसलं, म्हणून तुमचं खोडलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, ते बरंच झालं. विचारलं असतंत, तर विसरले म्हणून सांगितलं असतं.