चादरीचं दुसरं टोक

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

साडेपाचची बस चुकली! माझी एकटीची नाही, सगळ्या बायकांची. कारण कोण, तर आमेनबाई.

इस्पितळाच्या धुलाईत मी अकरा वर्षं मुकादम आहे. ऑपरेशनच्या चादरी जंतू मरावेत म्हणून वाफेच्या मशीनमध्ये चाळीस मिनिटं ठेवायच्या, मग तक्त्यावर वेळ लिहायची, खाली माझी सही आणि घडीवालीची. शुक्रवारी मी वीस मिनिटांत उघडते आणि चाळीस लिहिते. चादरी धुतलेल्याच असतात, बायकांना बस गाठायची असते. आजवर कुणी विचारलं नाही. आज सहीची पाळी या नव्या बाईची. म्हणाली, "ताई, मी वीसच मिनिटं पाहिली. चाळीसवर सही कशी करू?" अगं, पेन धर आणि कर! — तर हात मागे घेतला. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. शेवटी त्याच चादरी पुन्हा आत घातल्या. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत उभ्या आणि ती घड्याळाकडे.

निघताना जवळ येऊन हळूच — "आधीही असं झालं असेल तर साहेबांना तुम्हीच सांगा, ताई. तुमच्या मागून मी काही सांगणार नाही."

मला शिकवते! येऊन जेमतेम दीड महिना झालाय.

सोमवार, ६ फेब्रुवारी

रेडिओनं फर्मान काढलं. (रेडिओ म्हणजे आमची इस्त्रीवाली. तिला कळलं की इमारतीला कळलं.) आमेनबाईच्या चादरीचं दुसरं टोक कुणी धरायचं नाही!

मोठी चादर एकटीनं घडी होत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. म्हणजे बाई आठवड्यात गाशा गुंडाळणार. माझ्या एका शब्दानं हे थांबलं असतं. मी चष्मा पुसत बसले.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

तिनं काय करावं? चादरीचे दोन कोपरे खिडकीच्या गजाला बांधले आणि उरलेले दोन धरून स्वतः मागे सरकली! ताणून झालं की पळत जाऊन गाठी सोडायच्या. गाठींमुळे ते दोन कोपरे मुरगळतात, बाकी घडी वहीच्या पानासारखी. इतरांच्या निम्मंच काम झालं. जेवणाची सुट्टी बुडवून उरलेलं केलं.

डोकं आहे बाईला. हे फक्त इथं लिहिते.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

डबा उघडला की डोळे मिटते, ओठ हलतात, शेवटी 'आमेन'. त्यावरून तर नाव पडलं. आज रेडिओ म्हणाली, "डब्यावर मंत्र मारतेस की काय गं?" सगळ्या खो खो. तीही हसली. "तुमच्या डब्यांसाठीही म्हटलंय. चालेल ना?"

हिला टोमणा लागतच नाही का?

मशीन आज पूर्ण चाळीस मिनिटं. स्टूल टाकून समोर बसली होती. मी काय करणार!

बुधवार, १५ फेब्रुवारी

लागतो. टोमणा लागतो तिला.

कपाटाच्या खोलीत गेले तर ही कोपऱ्यात, टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होती. मला बघून गडबडली, डोळे पुसले आणि तो टॉवेल घडीत न ठेवता मळक्या ढिगात नेऊन टाकला. रडतानासुद्धा हिशोबात चूक नाही! मला हसू आलं.

विचारलं, कशाला सोसतेस? म्हणाली, चर्चला जायला लागले तेव्हा भावानं दार लावून घेतलं. दर वाढदिवसाला त्याला पत्र टाकते, न उघडता परत येतं. यंदाचं लिहून तयार आहे.

"राग येत नाही?"

"येतो ना! मग प्रार्थना करते. मग पुन्हा येतो." नाक पुसत हसली. "येशूनं मित्रांचे पाय धुतले, ताई, टॉवेलनं पुसले. त्यातला एक तर त्याला धरून देणारा होता, हे माहीत असून. मला निदान टॉवेलच धुवायचे आहेत."

मी हिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. आणि हे ती मला सांगते.

सोमवार, २० फेब्रुवारी

रेडिओचा हात इस्त्रीवर भाजला. आम्ही सगळ्या किंचाळत उभ्या. आमेनबाईनं तिला ओढत नळाशी नेलं आणि हात धारेखाली धरून ठेवला, बराच वेळ. मग रेडिओच्या वाटणीचा ढीगही हिनंच उरकला. गजाला बांधून, एकटीनं!

संध्याकाळी रेडिओला म्हटलं, आता तरी टोक धर. खाली बघत म्हणाली, "लाज वाटते हो ताई. पहिली कोण जाणार?"

पहिली मी जायला हवी होती. मुकादम मी आहे.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. आमेनबाईला कायम करायचं की काढायचं? अहवाल मी लिहायचा, अठ्ठावीस तारखेपर्यंत. "तिचं कुणाशी पटत नाही म्हणे. तसं लिहा, मोकळं करू."

किती सोपं! एक ओळ लिहायची. ती गेली की माझे शुक्रवारही गाडले गेले, विचारणारं कुणी नाही. तिनं मागून चुगली केली असती तर राग तरी धरता आला असता. तेही नाही.

लिहिलं नाही. लिहिणारच नाही असंही अजून म्हणवत नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

आईच्या पोटातले खडे उद्या काढणार. आमच्याच इस्पितळात. आज भरती केलं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

सकाळी आईला ट्रॉलीवर घेतलं. खाली ऑपरेशनची चादर. मी आधी काय केलं? चादरीचे कोपरे बघितले! आई वैतागली, "तिकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ ना!"

दोन कोपरे मुरगळलेले होते. गजाच्या गाठी. म्हणजे चादर तिनं घडी केलेली. आणि ती स्टुलावर बसायला लागली तेव्हापासून एक मिनिटही कमी झालेलं नाही. माझ्या जिवात जीव आला.

ट्रॉली आत गेली आणि बाकावर बसले तेव्हा मनात आलं — माझ्या शुक्रवारच्या चादरींवर कुणाच्या आया झोपल्या होत्या?

दुपारी आई शुद्धीवर आली. चहा मागतेय. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

अहवाल दिला. "अकरा वर्षांत इतकी सच्ची बाई पाहिली नाही. कायम करावं." त्याखाली माझे शुक्रवार लिहिले, आठवतील तेवढे सगळे. साहेबांनी दोनदा वाचलं. मग मला बसायला सांगितलं आणि दार लावलं.

बुधवार, १ मार्च

आमेनबाई कायम. माझी मुकादमी गेली, चौकशी होईपर्यंत घडीच्या टेबलावर. माझ्यामुळे सह्या करणाऱ्या सगळ्याच अडकल्या, रोज एकेकीला बोलावणार आहेत. माझ्याशी कुणी बोलेना. चादर उचलली, समोर कुणी येईना. बरोबरच आहे. मी निमूट खिडकीकडे निघाले, गजाला बांधायला. तोच चादर मागून ओढल्यासारखी झाली. वळून बघते तर दुसरं टोक आमेनबाईच्या हातात.

"ताई, जरा ताणून धरा."