दोन बंद चौकोन

प्रिय दादा,

दुसऱ्यांवरचा श्रद्धांजलीचा मजकूर मी अर्ध्या तासात लिहून देतो. तुझ्यावर मात्र तीन महिने एक ओळ जमली नाही. काल शहाद्याहून नंदुरबारला घरी गेलो होतो. वहिनींनी तुझा फोन पुढे ठेवला. आता तो तुझी लेक वापरणार आहे, म्हणून आतलं सगळं पुसून हवं होतं. उघडला, तर समोर तुझा सुरुंगांचा खेळ! म्हणून आज लिहितोय.

मिरचीच्या दुकानात पहिला कॉम्प्युटर आणलास, तेव्हापासून आपण हा खेळत होतो. चौकोन उघडायचा, आत आकडा निघतो, आणि आजूबाजूला किती सुरुंग दडलेत ते त्यावरून ओळखायचं. सुरुंगाचाच चौकोन उघडला, तर तो फुटतो आणि डाव संपतो. माउसला तिखट लागलेलं, तोच हात आपण डोळ्याला लावायचो. "दोन्ही भाऊ कसाले रडी ऱ्हायनात?" असं गिऱ्हाईक विचारायचं. किती हसायचास तू!

कधी शेवटी दोनच चौकोन उरायचे आणि कुठल्याच आकड्यावरून काही कळायचं नाही. मग तू खिशातून रुमाल काढायचास. आपले वडील बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा जुळवायचे, तसंच. एक बोट म्हणजे डावा, दोन म्हणजे उजवा. तू दाबायचास, मी तेच परत दाबलं की उघडायचं. "आते फुटना तरी दोन्हीस्ना," म्हणायचास. म्हणजे चूक झाली तरी ती दोघांची.

मी शहाद्याला बातमीदार झालो आणि खेळ मोबाईलवर आला. पडद्याचा फोटो पाठवून तू विचारायचास, "एक का दोन?" मी आकडा पाठवायचो.

आणि सुरतच्या दवाखान्यातून तू पाठवलेला तो शेवटचा फोटो! मी कारखान्याच्या निवडणुकीची बातमी लिहीत होतो, सातपर्यंत द्यायची होती. तुझा निरोप आला, "अडकनू. एक का दोन?" मी लिहिलं, "यात तर्क चालत नाही, दादा. कोणताही दाब."

उत्तर अगदी बरोबर होतं. पण पंचवीस वर्षं खेळणाऱ्या माणसाला ते माहीत नव्हतं का? तू चौकोन विचारत नव्हतास रे. तुला सोबतीला कुणीतरी हवं होतं, आणि मी तुला एकट्याला सोडून बातमी पूर्ण केली.

पण तूही एक फोन करायचा होतास ना! "भ्या वाटी ऱ्हायनं," एवढं म्हणाला असतास, तर मी पहिली गाडी धरली असती. पण नाही, तुला तसं बोलणं कधी जमलंच नाही.

काल फोन उघडला, तेव्हा तो डाव तसाच होता. कोपऱ्यात दोन चौकोन बंद. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हाई काय शे? दवाखानामा बी हाईच देखत बसेत. म्हणेत, धाकला सांगी, मंग उघाडसू."

दादा, धाकटा सांगेल मग उघडू म्हणत तू माझ्या आकड्यासाठी थांबला होतास, आणि मला वर बघवेना.

थोड्या वेळाने त्यांना सगळं समजावलं आणि विचारलं, "वहिनी, एक का दोन?"

"माले काय समजस?"

"मलाही समजत नाही. पण तुम्ही सांगा."

त्यांनी पदराला हात पुसले, बराच वेळ बघितलं. "दोन."

"माझंही दोन," म्हणालो आणि दाबलं. फुटला! सगळा पडदा काळ्या ठिपक्यांनी भरला. वहिनी दचकल्या, माझ्याकडे बघितलं, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "फुटनं का? मंग दुसरा डाव मांडा. माले शिकाडा."

फोनमधलं काही पुसलं नाही. पुतणीनेच सांगितलं, "काका, राहू द्या. आईच वापरेल."

आज दुपारी वहिनींकडून अडकलेल्या डावाचा पहिला फोटो आला. मी फोन लावला, बातमी अर्धी सोडून. दादा, शब्द देतो, यापुढे आपल्या माणसाने विचारलं की नुसतं बरोबर उत्तर देऊन सुटणार नाही. मला काही ठाऊक नसलं तरी एक बाजू धरेन, आणि चुकलो तर चूक माझीही असेल.

तुझा धाकला,
शरद