पपनसाच्या फोडी

१२ ऑक्टोबर
…पपनसाची पांढरी साल नखानं काढत होतो, तेव्हा सु. खुर्चीतून म्हणाली, "मांड्या लई दुखायल्यात." बसून बसून होतं, म्हणालो. फोडी वाटीत घालून दिल्या. लग्नाला एकेचाळीस वर्षं. तिला हातानं काही करून द्यायला लागलो ते या पंधरवड्यात.

१५ ऑक्टो.
अंगणातल्या झाडाला यंदा भरपूर फळं. रोज एक. आंबटानं चरबी झडते, असं मीच तिला ठासून सांगितलंय. तिची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहेच.
"सर, आजची फोड कडू हाय." (घरातही ती मला सरच म्हणते.)
"औषध समजून खा."
खाल्ली.

१९ ऑक्टो.
जिन्यात तिसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबली. मी वरून: "वेरूळची लेणी चढायचीस की." हसली. वर आली नाही.

२२ ऑक्टो.
गोळ्या आणायला गेलो. औषधाच्या दुकानातली मुलगी: "काका, काकूंना पपनस देत नाही ना? मागं सांगितलं होतं. त्यानं गोळी अंगात साठती. स्नायू धरतात. दुखतंय का काही त्यांचं?"
"नाही."
जूनमध्ये सांगितलं होतं तिनं. विसरलो, असं इथं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. दुकानातल्या पोरीला काय कळतं, असं वाटलं होतं. तीस वर्षं कॉलेजात शिकवलेला माणूस मी.

२३ ऑक्टो.
पपनस सोललं नाही. किडकं निघालं म्हणालो.
दुपारी सु.ला लघवी काळपट झाली. रिक्षात चढताना तिनं पाय हातानं उचलून आत ठेवला.
डॉक्टर: "खाण्यात काही नवीन?"
मी भिंतीकडं पाहत होतो. सु.च म्हणाली, "रोज सकाळी ह्यांच्या हातचं पपनस. स्वतः सोलून देतात, बरं का." कौतुकानं.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पपनस या गोळीवर चालत नाही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"
"नाय बा. कुणीच नाय."
मी गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून टेबलावर ठेवलं.
गोळी बंद. रक्त घेतलं. दवाखान्यात ठेवून घेतलं.

२४ ऑक्टो.
सकाळी रिपोर्ट आला. स्नायूंना इजा आहे. मूत्रपिंडाचं संध्याकाळी कळेल. सु.ला सांगून टाकलं: दुकानातल्या मुलीनं जूनमध्येच बजावलं होतं.
 सलाईनकडं बघत म्हणाली, "आन् काल डॉक्टरांपुढं का नाय सांगितलं?"
दहा वाजता नर्सनं दुसरी बाटली लावली.