गाडी खाली केली त्याची हकिकत

प्रिय शालकराव,

तुला आणि घरातल्या धाकट्यांना आम्हा दोघांचे आशीर्वाद, आणि सासरेबुवांना नमस्कार (त्यांना आशीर्वाद देण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही). तुझी मान कशी आहे? डावीकडे वळत नाही असं कळवलं होतंस. डावीकडे तुझ्या साहेबांची केबिन असेल तर तिला वळवायची घाई करू नकोस. वहिनींच्या सकाळच्या शिंका थांबल्या का? पोरीच्या दातांची तार निघाली, की अजून हसताना तोंडावर हात जातो? सासरेबुवा कानातलं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच बाळगतात? (खिशातही ते शिट्टी वाजवतं, असं तुझ्या ताईने मला फोनवर ऐकवलं होतं.) इकडे सगळं क्षेम आहे. तुझ्या ताईचा नवा गुडघा उत्तम चालतो, माझ्या कपाळावर एक टेंगूळ आहे आणि आपली गाडी चार बोटं खाली आली आहे. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, तेव्हा चहा घेऊन बस.

आमची कॅम्पर म्हणजे मागे इंजिन, पुढे बटाट्यासारखे दोन डोळे आणि मधे एक अख्खा संसार. पलंग, बेसिन, घडीचं टेबल, पडदे, सगळं जागच्या जागी. वयाने ती तुझ्यापेक्षा मोठी आहे आणि तुझ्यापेक्षा कमी कुरकुरते. या गाडीतून तुझ्याकडे यायचं असं आम्ही कधीचं घोकत होतो. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि एके दिवशी जेवताना तुझी ताई म्हणाली, "मला त्या गाडीत आता चढायचं नाही, आणि कुणी मला धरून चढवायचंही नाही." ती भांडली नाही, रागावली नाही. पण त्या दिवसापासून ती गाडीबद्दल भूतकाळात बोलायला लागली. 'छान गाडी होती', 'पडदे किती शोभायचे.' शालकराव, अंगणात उभ्या असलेल्या, नुकत्याच धुतलेल्या गाडीचं असं सुतक पाळणं ज्याने ऐकलं त्यालाच माझी अवस्था कळेल. त्यातून कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर येताजाता गाडीकडे बघून म्हणायला लागला की विकायची झाली तर मला आधी सांगा. माझी कवळी त्याच्याच हातची, त्यामुळे तोंड उघडून त्याला काही बोलायचीही चोरी.

मग मी विचार केला, बायको गाडीपर्यंत वर जात नसेल तर गाडीने बायकोपर्यंत खाली यावं. अभ्यास सुरू केला. (माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, पण विषय मनात भरला की मी कुणाला ऐकत नाही.) जुन्या गाड्या बुटक्या करणारे लोक जगात पुष्कळ आहेत आणि त्यातला प्रत्येकजण दुसऱ्याला मूर्ख समजतो, एवढं पहिल्या आठवड्यात समजलं. कुणी म्हणतो स्प्रिंग कापा, कुणी म्हणतो स्प्रिंगला हात लावलात तर माझ्याशी बोलू नका, पुढचा सांधा बदला. काहींनी तर गाडी इतकी खाली नेली आहे की खालून मुंगीला जायचं तर पाय दुमडावे लागतील. ताईचा पाय किती उचलला जातो ते तिला विचारायची सोय नव्हती, म्हणून ती जिना चढत असताना मी मागून टेप घेऊन वाकलो. तिने वळून पाहिलं तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो असं दाखवलं. पायात चपला होत्या.

आता गॅरेजबद्दल. नाक्यापलीकडे दोघं बहीणभाऊ एकाच छपराखाली दोन दुकानं चालवतात. भाऊ स्प्रिंगा आणि शॉकअप बघतो, बहीण ब्रेक बघते. मधे भिंत नाही, पण मतभेद भिंतीएवढा आहे. त्याचं म्हणणं गाडी बसलेली दिसली पाहिजे, तिचं म्हणणं गाडी थांबली पाहिजे. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा भाऊ नेमका माझ्याच डॉक्टरकडे अक्कलदाढ काढायला गेलेला. बहीण कुठल्याशा ड्रमवर हातोडा घालत होती. त्या गदारोळात मी ओरडून सांगितलं, भाऊ आला की सांगा, गाडी खाली करायची आहे, दोन दिवसांनी येतो. तिने मान डोलावली. आता मला सांग, यात माझं काय चुकलं?

चुकलं ते एवढंच, की ज्यांच्या दारात दिवसभर मालाचे टेम्पो येतात त्यांच्या भाषेत गाडी खाली करणं म्हणजे माल उतरवणं. त्या बाईने निरोप कुणाला दिलाच नाही. आपल्या दोन माणसांना हाक मारली आणि गाडी खाली केली. दोन दिवसांनी मी फाटकातून आत शिरलो तर आमचा संसार उघड्यावर. पलंग ऊन खात पडलेला, बेसिनला पाण्याचा पत्ता नाही, पडदे जुन्या टायरांवर वाळत घातल्यासारखे, आणि पातेली उंचीप्रमाणे ओळीने मांडलेली. या सगळ्यामागे गाडी कशी उभी असावी? वजन गेल्यामुळे स्प्रिंगा उसळून ती मांजराने पाठ वर करावी तशी चांगली पाच-सहा बोटं उंच झालेली. खाली केली म्हणून गाडी वर आली होती. मी डोक्याला हात लावला. भाऊ गालाला फडकं बांधून बाजूला उभा होता, त्याला तोंड उघडता येत नव्हतं, पण खांदे हलत होते, म्हणजे हसत होता.

आणि पलंगावर तुझी ताई बसली होती. कोणतं झाकण कोणत्या डब्याचं हे विचारायला त्या ब्रेकवालीने घरी फोन केला होता, आणि ताई तडक बसने येऊन दाखल झाली. (जीव भांड्यात पडतो म्हणतात, तुझ्या ताईचा तो तिथेच असतो.) दोघी पलंगावर बसून जन्मोजन्मीची ओळख असल्यासारख्या बोलत होत्या. मी समजावून सांगायला लागलो की खाली म्हणजे रिकामी नव्हे, खाली म्हणजे ठेंगणी, आणि ती कशासाठी, तर हिच्या गुडघ्यासाठी. तेव्हा त्या ब्रेकवालीने जे मला इतक्या महिन्यांत सुचलं नाही ते केलं. तिने हिलाच विचारलं, काकू, चढताना दुखतं का?

ताईने एका पातेल्यावर त्याचं झाकण बसवलं. मग म्हणाली, "चढायचं काही नाही गं, चढेन मी. मला घाट उतरायची भीती वाटते. उतारावर हे गायला लागले की मी समजते, ब्रेक लागत नाहीये."

शालकराव, मी खरंच गातो. आपण मजेत आहोत म्हणून गातो अशी माझी समजूत होती. पण आठवून पाहिलं तर सपाट रस्त्यावर मी कधीच गायलेलो नाही. मी विचारलं, मग गुडघ्याचं का सांगितलंस? ती म्हणाली, "गुडघ्याला नावं ठेवली तर तो रुसत नाही. तुमच्या गाडीला ठेवली असती तर तुम्ही आठवडाभर जेवला नसता." यावर भाऊ पुन्हा खांदे हलवायला लागला, म्हणून मी त्याला दाढेची चौकशी करून गप्प केलं.

मग खरी निवड सुरू झाली. ब्रेकवालीने चाक काढून दाखवलं. आमचे पुढचे ब्रेक जुन्या ड्रमचे. डब्यात कोंडल्यासारखे, लांब उतारावर तापतात आणि तापले की आळसावतात. त्याजागी डिस्क बसवायच्या, त्या उघड्यावर असतात, वारा खातात. सोबत रबरी नळ्या नव्या, कारण जुन्या फुगून पायाचा अर्धा जोर स्वतःच खात होत्या. अडचण एकच, डिस्क बसल्या की जुनी रिम बसत नाही, आणि जुनी रिम गेली की चाकावरच्या त्या चकचकीत टोप्याही गेल्या. मी टोप्यांसाठी तोंड उघडलं. ताईने फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

राहिली उंची. भावाला गाडी पार जमिनीला टेकवायची होती. त्याने फडक्याआडून हातवारे करून तसं सुचवलं, बहिणीने हातोडा उचलून उत्तर दिलं. अखेर ठरलं चार बोटं, पुढे-मागे सारखी, म्हणजे वळणावर डुलायची नाही; आणि आखूड शॉकअप, नाहीतर जुने खड्ड्यात तळाला ठोकतात. तो इतका हिरमुसला, जणू त्याला कुणी अर्धीच मिशी ठेवायला सांगितली होती. पण काम नेटकं केलं. ताईने सामान परत भरताना निवड केली. तिची पातेली सगळी गाडीत गेली, माझे दोन जास्तीचे जॅक आणि एक ऐरण घरी आली. (ऐरण प्रवासात कधी लागेल सांगता येत नाही, हे माझं मत अजून कायम आहे.)

पाण्याच्या टाकीकडून बाजाराकडे उतरणारा रस्ता आहे, चांगला तीव्र. गाडी मिळाल्यावर तिथेच गेलो. ताई स्वतः चढली, शेजारी बसली आणि सवयीने समोरचा दांडा धरला. मी गाणं न म्हणता गाडी उतारावर सोडली आणि ब्रेकवर पाय ठेवला. नुसता ठेवला. गाडी म्हातारी आहे, पण अशी अदबीने थबकली की मीच चकित झालो. पुन्हा सोडली, पुन्हा थबकली. उताराच्या मध्यावर बाजूने बारीक आवाज यायला लागला म्हणून मी घाबरून पाहिलं, तर ताई संत्रं सोलत होती. दोन्ही हातांनी. एक फोड माझ्या तोंडात घालत म्हणाली की पडदे आता बदलायला झालेत. वर्तमानकाळात, शालकराव. मी गाडी कडेला घेतली आणि जरा वेळ काच पुसत बसलो.

तेव्हा आम्ही पुढच्या महिन्यात येतोय, दोघं, गाडीने, घाट उतरून. डॉक्टरला नकार कळवला आहे. (गाडीचं दारही चार बोटं खाली आलं हे लक्षात न राहिल्याने मी चौकटीवर कपाळ आपटलं, त्याचं हे टेंगूळ. आनंदाच्या भरात दोनदा.) वहिनींना सांग, स्वयंपाकाची धावपळ नको, आमची पातेली आहेत.

तुझा,
भावोजी

ता. क. : खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. तुझ्या फाटकात पावसाचं पाणी अडवायला तू स्वतः सिमेंटचा जो उंचवटा घातला आहेस, तो अतिशय सुबक आहे, मी सगळीकडे त्याची तारीफ करतो. तो फोडून ठेवशील का? गाडीचं पोट त्यावर टेकेल असा माझा हिशेब आहे.

पुन्हा ता. क. : तुझ्या ताईने पत्र वाचलं. म्हणते, खबरदार माझ्या भावाने काही फोडलं तर, गाडी रस्त्यावर लावू आणि पायी आत जाऊ, गुडघा कशासाठी केलाय. तिच्यासमोर मी हो म्हटलं आहे. पण इतकी नटवलेली गाडी सासरेबुवांच्या खिडकीखाली उभी राहिली नाही तर मग काय मजा? तेव्हा उंचवट्याचं काय करतोस ते मला एकट्याला कळव, फोनवर नको, ती उचलते. पत्रच लिही, आणि लवकर लिही.